जाऊबाईंचा रिले

माझ्या थोरल्या जाऊबाई छापखान्यात मुद्रितशोधक होत्या. सगळा जन्म दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात गेलेला, त्यामुळे त्या निवृत्त झाल्यावर आपली काही खैर नाही, असं मी धरूनच चालले होते. त्या वर राहतात, आम्ही खाली. मधे एक जिना आणि दोन्ही घरांत मिळून एकच इंटरनेट. पण झालं भलतंच. आमच्या चुका राहिल्या बाजूला, बाई कॉम्प्युटरच्या मागे लागल्या.

निमित्त त्यांच्या मैत्रिणीचं. दोघी शाळेत एका बाकावरच्या. मैत्रीण लग्न होऊन परदेशी गेली, तिथे शिक्षिका झाली. शाळेतल्या मुलांना गढूळ पाणी प्यावं लागतं, असं तिने इंटरनेटवर लिहिलं आणि ते तिथल्या वरच्या लोकांना झोंबलं. तिचं पान बंद झालं. ती काय वाचते, कोणाला लिहिते, यावर नजर राहू लागली. मग तिच्याकडून काहीच येईना. भाजी निवडता निवडता जाऊबाई मधेच थांबायच्या, आणि मी काय बोलतेय ते त्यांच्या कानात शिरायचं नाही.

एका सकाळी त्या जिन्यावरूनच ओरडल्या, "अगं, आली! मेल आली तिची!"

मैत्रीण सुखरूप होती. तिने लिहिलं होतं की आता ती एका वेगळ्या जाळ्यातून लिहिते. तिथे निरोप तीन अनोळखी कॉम्प्युटरांमधून फिरून जातो. प्रत्येकाला फक्त आपल्या मागचा आणि पुढचा ठाऊक, म्हणून कोणी कोणाला काय पाठवलं याचा पुरता पत्ता एकालाही लागत नाही. त्या कॉम्प्युटरांना रिले म्हणतात, आणि ते साधीसुधी माणसं आपापल्या घरातून फुकट चालवतात. 'कोण आहेत ही माणसं, देव जाणे,' तिने लिहिलं होतं, 'पण त्यांचं भलं होवो.'

जाऊबाईंनी ते दोनदा वाचलं. चहा होईपर्यंत त्यांचं ठरलंही होतं. "आपण चालवायचा एक."

भाऊजींच्या हातातला कप तसाच राहिला. "आपण? अगं, उद्या कोणी त्यातून नको ते उद्योग केले तर दारात पोलीस माझ्या येतील, तुझ्या मैत्रिणीच्या नाही."

"अहो, म्हणून तर मधला रिले चालवायचा. आपल्याकडून निरोप फक्त पुढच्या रिलेकडे जाणार. बाहेर कुठल्या साइटवर आपल्या नावाने काही जाणार नाही."

"आणि इंटरनेटवाल्यांना चाललं नाही तर?"

ते मात्र जाऊबाईंनाही पटलं. त्यांनी कंपनीला रीतसर विचारलं. हरकत नाही, असं उत्तर आलं आणि भाऊजींचा नाइलाज झाला.

मागच्या खोलीत लेकाचा जुना कॉम्प्युटर पडून होता. लेक नोकरीसाठी दूर गेलेला. जाऊबाईंनी कॉम्प्युटरवरची इस्त्रीच्या कपड्यांची चळत उचलली, धूळ पुसली, आणि सूचना वाचत वाचत सॉफ्टवेअर चढवलं. खरं काम होतं एका साध्या फाइलमध्ये. रिलेचं नाव काय, कुठल्या पोर्टवर ऐकायचं, म्हणजे बाहेरच्यांनी कोणत्या दारातून आत यायचं, आणि काही बिघडलं तर कळवायचं कोणाला, सगळं तिथेच लिहायचं. मोठ्या भांड्यात डोकावावं तशा त्या पडद्यात डोकावून बसायच्या.

नावावरून घरात करमणूक झाली. भाऊजी म्हणाले, "'सासूबाई' ठेव, कोणी वाकड्या वाटेला जाणार नाही." जाऊबाईंना दोन शब्दांचं एक छान नाव सुचलं, पण ते सूचनांत बसेना. नावात मोकळी जागा चालत नव्हती. शेवटी इंग्रजी अक्षरांत 'स्वल्पविराम' असं ठेवलं. "मधे क्षणभर थांबायचं आणि पुढे जायचं," त्या म्हणाल्या, "बरोबर बसतंय की."

इंटरनेटवाला माणूस येऊन राउटरमध्ये पोर्ट उघडून देऊन गेला. सगळं झालं. आणि काहीच होईना. यंत्र चालू, पण रिले म्हणून त्याची कुठे नोंदच नाही. जाऊबाईंनी फाइल वरून खाली, खालून वर तपासली. एक अक्षर चुकलेलं नाही. दोन दिवस त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. मग हिय्या करून त्यांनी रिले चालवणाऱ्यांच्या मंडळात फाइल पाठवली आणि कुठल्याशा अनोळखी माणसाचं अगदी नम्र उत्तर आलं. ओळींच्या सुरुवातीला जी आडव्या-उभ्या रेघांची जाळीदार खूण आहे, ती काढा. ती असेपर्यंत यंत्र त्या ओळी वाचतच नाही.

जाऊबाई खुर्चीतच मागे रेलून हसत सुटल्या. मी धावत वर गेले, तर डोळ्यांतून पाणी.

"अगं, आमच्या छापखान्यात त्या खुणेचा अर्थ 'इथे जागा सोडा'! मला वाटलं, कोणीतरी नीट मांडणी करून ठेवलीय, आपण कशाला हात लावा! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा."

खुणा काढल्या, यंत्र पुन्हा सुरू केलं. थोड्या वेळाने पडद्यावर ओळ उमटली की बाहेरून पोर्टपर्यंत पोचता येतंय, आणि तिच्यापुढे इंग्रजीत एकच शब्द, 'उत्तम'. "छापखान्याच्या मालकाने मला जन्मात असं म्हटलं नव्हतं," जाऊबाई म्हणाल्या.

सुरुवातीला रिलेकडे फारसं कोणी फिरकलं नाही. नव्या माणसावर जग लगेच कुठे भरवसा टाकतं! पण हळूहळू वर्दळ वाढली आणि एका संध्याकाळी खालून आमच्या ह्यांची आरोळी आली. "वहिनी! शेवटचं षटक चाललंय, आणि टीव्हीवरचा बॉलर हात वर करून उभाच आहे!"

जाऊबाईंकडून वेगाची मर्यादा घालायची राहिली होती, आणि घरातलं सगळं इंटरनेट रिलेच खात होता. त्यांनी त्या फाइलमध्ये आणखी एक ओळ घातली, इतक्याहून जास्त वेग घ्यायचा नाही म्हणून. बॉलर धावला. सामना आम्ही हरलो आणि त्याचं खापरही ह्यांनी रिलेवरच फोडलं.

आता सकाळी चहाच्या वेळी भाऊजीच विचारतात, "काय, काल गर्दी होती का?" जाऊबाई आलेख बघून सांगतात. अपडेट आलं की त्या आधी भात उतरवतात, मग ते करतात. पूर्वी दुपारी त्या अंगावर पांघरूण घेऊन नुसत्याच पडायच्या. ते बंद झालंय. चेहऱ्यावर तेज आलंय म्हटलं तर रागावतात.

मी एकदा विचारलं, "जाऊबाई, तुमच्या मैत्रिणीची मेल आपल्या घरातून जात असेल का हो?"

"कळायला मार्ग नाही," त्या म्हणाल्या. "कोणाची तरी मैत्रीण जात असेलच की." आणि दळणाचा डबा माझ्या हातात दिला.

गेल्या महिन्यात मैत्रीण चक्क राहायला आली. शाळेत नवी टाकी बसली, तिच्यावरचं लक्षही जरा सैल झालं, म्हणून सुट्टी काढून आली. दोघींनी आधी एकमेकींचे पांढरे केस पाहून घेतले, मग गुडघ्यांची चौकशी झाली, मग सुनांची. जेवणाआधी जाऊबाई तिला मागच्या खोलीत घेऊन गेल्या. मी ताटं घेत होते, दारातून दिसत होतं. मैत्रिणीने कॉम्प्युटरच्या डब्यावर तळहात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"गरम आहे गं," ती म्हणाली.

"असणारच. कामात आहे तो," जाऊबाई म्हणाल्या. "चल, आमटी गार होतेय."