मोराच्या पाठीवरची बारा घरं

सांगोल्याकडची मेंढरं सोडून मायाप्पा सोलापुरात चादरीच्या कारखान्यात आला, त्याला तीस वरसं झाली. काम एकच, नक्षीच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडायचं. मागावर भोक आलं की धागा उचलतो, नसलं की खाली ऱ्हातो, आन् तेवढ्यावरच चादरीत मोर उमटतो.

यंदा मालकानं कॉम्प्युटरवर चालणारा माग आणला. पुठ्ठ्यांची गरज सरली. "मायाप्पा, तुझं महिनाअखेरीला बघू," मालक म्हणला. ते ऐकून मायाप्पाला दोन दिवस भाकर गोड लागली न्हाय.

नक्षी काढायला ऋतुजा नावाची पोरगी आली हुती. तिनं त्याला पडद्यावरचा, बारक्या घरांनी भरलेला मोर दाखवला. "मामा, कॉम्प्युटर पण तुमच्यासारखंच करतो. एक म्हणजे भोक, शून्य म्हणजे भोक नाही. असल्या पुठ्ठ्यांवरूनच माणसांना पुढं कॉम्प्युटर सुचला."

"मंजी माझा नातूच की ह्यो!" मायाप्पानं पडद्याला नाक लावून मोराच्या पाठीवरची घरं मोजली. "पर नातवाला अक्कल कमी हाय. हितं सलग बारा घरं मोकळी. धागा लोंबंल, आन् बायांच्या जोडव्यात अडकून वढला जाईल."

मागं उभं राहून ऐकणाऱ्या मालकानं हातभर नमुना विणून घेतला आन् त्यावरनं किल्ली फिरवली. मोराच्या पाठीवरच, लोंबत्या धाग्यात अडकली.

"उद्यापासनं हिच्या शेजारी बस," मालक म्हणला.

मायाप्पा लगीच बसला. माऊस धरून त्यानं सगळ्या अंगाचा भार बटणावर टाकला.

"हळू मामा! भोक नाही पाडायचं!"

"व्हय की," म्हणत त्यानं मोकळ्या घरात पहिला ठिपका भरला.