सायबिणीचा वळसा

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहिणारा मी नव्हे. आमच्या घरात दहावीपुढे शिकलेला मी पहिला. घरी आम्ही कोंकणी बोलतो, इगर्जेत, म्हणजे चर्चमध्ये, प्रार्थनाही कोंकणीत म्हणतो, पण अक्षरं मला गावातल्या मराठी शाळेत भेटली. म्हणून हातात पेन घेतलं की मराठीच येते; माझं स्वतःचं कोंकणी बोलणंसुद्धा इथे मराठीतच उतरलं आहे. यात कोणाला माझा उद्धटपणा दिसला, तर त्याचं दुखणं मी समजू शकतो. त्यातून देवाविषयी लिहायचं, म्हणजे आणखीच धाडस. मला देवाविषयी फार थोडं कळतं. एका संध्याकाळी माझे वडील एका घरापासून दुसऱ्या घरापर्यंत चालत गेले, ते मी पाहिलं. तेवढंच सांगतो.

गोव्यातल्या पाळी गावाच्या बाजूला, खाणीच्या डोंगराखाली, आमची ख्रिस्ती घरं जेमतेम सहा. पावसाळा सरला की खाणीवरचे ट्रक सुरू होतात आणि सगळं तांबडं होतं. केळीची पानं तांबडी, वाळत घातलेले कपडे तांबडे, सकाळी पाव घेऊन येणाऱ्याच्या सायकलची घंटासुद्धा तांबडी. माझे वडील, आम्ही त्यांना पाय म्हणतो, खनिजाचा ट्रक चालवत. खाणीवरून भरून घ्यायचा, नदीच्या धक्क्यावर बार्जींसाठी, म्हणजे मालबोटींसाठी, ओतायचा, परत यायचं. या ओतण्याला ते व्होंतप म्हणत. लहानपणी धुळीतून त्यांचा ट्रक येताना मला नेहमी वाटे, हा कुठल्या तरी दुसऱ्याच, तांबड्या जगातून येतो आहे.

संध्याकाळी माय मला आणि धाकट्या बहिणीला तेर्स म्हणायला बसवी. जपमाळ संपली की मी दहा आज्ञा बोटांवर मोजून म्हणायचो. हे करू नको, ते करू नको. मला त्या आज्ञा खनिजासारख्याच वाटत. देव वरून ओततो आहे, आणि आपण ट्रकचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगा, दबेपर्यंत भरून घ्यायचं.

आमच्या शेजारचं घर पायच्या थोरल्या भावाचं. आमच्यात काकाला तियू म्हणतात. तियू तारवटी होते. उभं आयुष्य बोटीवर काढून म्हातारपणी गावी आले. दोन घरांच्या मागच्या दारांमध्ये एक लहानशी पायवाट होती. तिच्यावरून रोज काहीतरी इकडून तिकडे जाई: माशाचं कालवण, नारळ, विस्तवाचा निखारा, कधी नुसतीच हाक.

राजभाषा कोंकणी की मराठी, यावरून गोव्यात आंदोलन पेटलं तेव्हा मी कॉलेजात नुकताच गेलो होतो. जवळच्या साखळी गावात मराठीची सभा होती. आमच्या शाळेतल्या जुन्या गुरुजींनी मला चार वाक्यं बोलायला सांगितली. मी बोललो. कोंकणीविरुद्ध एक अक्षर बोललो नाही. ज्या भाषेनं मला वाचायला शिकवलं तिचे आभार मानले आणि घाम पुसत खाली उतरलो. पण सभेतलं बोलणं गावात पोहोचेपर्यंत वेगळंच झालं.

दुसऱ्या दिवशी तियू आमच्या अंगणात आले. आत आले नाहीत.

"घरांत कोंकणी, इगर्जेंत कोंकणी, आनी मंचार मराठी?" ते म्हणाले. "ह्या पोराक आपली माय उलयता ते भाशेची लज दिसता?"

मी खांबाआड उभा होतो. पाय शांत माणूस. पण त्या दिवशी त्यांच्या तोंडून एक वाक्य निघालं.

"माय मेली तेन्ना तूं तारवार आशिल्लो. मायची भास तूं आमकां शिकोवं नाका."

तियूंचा चेहरा मला अजून दिसतो. आईच्या मातीला आपल्याला पोहोचता आलं नाही, हे त्यांचं जन्माचं दुःख. ते वळले. सकाळी उठून पाहिलं तर पायवाटेवर काटेरी फांद्यांचं कुंपण होतं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

पुढे कोंकणी राजभाषा झाली. मग गोव्याचं वेगळं राज्य झालं. शाळेत लाडू वाटले. कुंपण तिथेच राहिलं. त्यावर रानवेल चढली, जांभळी फुलंसुद्धा आली. मला ती फुलं पाहवत नसत. माझ्या चार वाक्यांची ती फुलं होती.

आता सायबिणीचं सांगायला हवं. आमच्याकडे दर वर्षी पावसाळ्यानंतर सायबीण, म्हणजे देवमाता मरियेची लाकडी मूर्ती, घरोघर फिरते. एका घरी एक दिवस राहते. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला त्या घरच्यांनी तिला पुढच्या घरी पोचवायची, मेणबत्त्या लावून, गात. तिथे लदीन, म्हणजे मरियेची स्तुतिप्रार्थना, म्हणायचं, मग उकडलेले चणे खायचे आणि घरी यायचं. वाडीचा क्रम ठरलेला. आमच्या नंतर तियूंचं घर.

कुंपण पडल्यावर अडचण आली. सायबीण आमच्याकडून तियूंकडे नेणार कोण? पहिल्या वर्षी पलीकडच्या घरातल्या एकट्या राहणाऱ्या मावशीने तोड काढली. आमच्याकडून मूर्ती तिनं आपल्या घरी न्यायची. ती स्टुलावर ठेवून एक मेणबत्ती लावायची, आणि मग तियूंकडची माणसं येऊन घेऊन जायची. दुसऱ्या वर्षीही तसंच झालं. मावशी जिभेची तिखट.

"म्हज्या घरांत सायबीण सोयरी म्हणून येयना," ती सगळ्यांना सांगे, "बस बदलूंक येता."

लोक हसत. आम्हीही हसत असू. आपण काय करतो आहोत हे कोणाला उमगलं नव्हतं. भांडण आमचं, आणि वळसा देवाच्या आईला.

तिसऱ्या वर्षी सायबीण आमच्या घरी आली त्या संध्याकाळी, सगळे गेल्यावर, पाय म्हणाले, "कितें तरी वाच." त्यांना वाचता येत नाही. माझ्याजवळ मराठीतला नवा करार होता. तो मी असाच मध्ये उघडला. मुद्दाम काही शोधलं नाही, हे मी शपथेवर सांगतो. जिथे उघडला तिथे प्रभू सांगत होता की वेदीपाशी अर्पण आणलं असताना आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा, भावाशी समेट कर.

माय वात सारखी करत राहिली.

"परत वाच," पाय म्हणाले.

मी परत वाचलं.

"चूक कोणाची, तें बरयलां थंय?"

मी ओळींवर बोट फिरवलं. "नाही. भावाच्या मनात काही असेल तर, एवढंच आहे."

"म्हणजे इचारलेंच ना." त्यांनी मूर्तीकडे पाहिलं. मग हसले. गेली दोन वर्षं ते असं हसले नव्हते. "दोन वर्सां हांव जापो तयार करतां. आनी देवान प्रस्नूच करूंक ना."

त्यांची दोन वर्षांची उत्तरं वाया गेली होती, पण मी मनातून घाबरलो होतो. मला ती आज्ञा फार जड वाटली. आधी बोलले ते तियू. पायनी का जायचं? आणि खरं म्हणजे मीच जायला हवं होतं, पण ते मला सुचू नये म्हणून मी पुस्तक मिटून टाकलं.

दुसऱ्या दिवशी पाय कामावरून लवकर आले. आंघोळ केली, लग्नातला सदरा घातला. मावशी नेहमीप्रमाणे मूर्ती घ्यायला आली तेव्हा ते म्हणाले, "आयज तूं मेणवात धर. सायबिणीक हांव व्हरतां."

मावशीनं तोंडावर हात ठेवला. माय पायना स्वयंपाकघरात ओढून घेऊन गेली.

"आनी ताणें दार लायलें तर? सायबिणीच्या तोंडार?"

"लायलें तर लायलें," पाय म्हणाले. "आमकां वच म्हळां. दार उगडटलें अशें सांगूंक ना."

जा, एवढंच सांगितलं होतं; दार उघडेल असं नाही. मी आज्ञेबरोबर तिचं फळही आपल्याच पाठीवर घेत होतो. पायनी फक्त चालणं तेवढं उचललं होतं.

मागची वाट बंद, म्हणून मोठ्या रस्त्यानं फिरून जायचं होतं. चालणं काही मिनिटांचंच, पण माझ्या आठवणीत ते फार लांब आहे. धूळ हवेत तशीच तरंगत होती आणि मावळतीचा उजेड तिच्यात अडकला होता. पाच-सहा मेणबत्त्या, पुढे पाय, त्यांच्या छातीशी सायबीण. आम्ही पाण्याखालून चालतो आहोत असं मला वाटत होतं. धक्क्याकडे निघालेले ट्रक रस्त्याच्या कडेला थांबले. सावंतवाडीकडचा एक ड्रायव्हर, पायचा दोस्त, त्यानं इंजीन बंद केलं, खाली उतरला, चपला काढून हात जोडले. एकदम इतकी शांतता झाली की मेणबत्तीचं जळणं ऐकू येईल. आणि त्या शांततेत पाय गात होते. ते कधी गात नसत. सूर चुकत होता. मागून मावशी पुटपुटली, "सायबिणी, कान धांप गो." मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले.

तियूंच्या दारात सगळे थांबले. तियू उंबऱ्यावर उभे होते. पायना पाहून ते जागच्या जागी थिजले. हात पुढे झाले नाहीत. मागेही गेले नाहीत.

"मायच्या मरणाचें हांवें तुका म्हळें," पाय म्हणाले, "तें म्हणपाक जाय नाशिल्लें. माफ कर म्हाका."

मी तियूंच्या तोंडाकडे बघत होतो. आता काहीतरी बोलतील. त्यांनी मूर्ती घेतली, दोन्ही हातांनी, अगदी हळू. वळले आणि आत गेले. लदीन झालं. चणे वाटायला तियू स्वतः उठले. सगळ्यांना दिले. पायच्या समोर आले तेव्हा त्यांनी वाटी काकीच्या हातात दिली आणि ते परसात निघून गेले. काकीनं मान खाली घालून पायच्या ओंजळीत चणे घातले. पायनी ते एकेक करून खाल्ले, सावकाश, खोबऱ्याचा तुकडाही टाकला नाही.

परत येताना मला रडू येईल असा राग आला होता. "एक शब्दसुद्धा बोलले नाहीत ते. एवढं सगळ्यांसमोर तुम्ही..."

पाय शीळ घालत होते.

"भरिल्लो ट्रक चलयतना कसो आसता, तूं पळयला मरे?" ते म्हणाले. "चडणीर रडटा, देंवणीर भियेवता. धक्क्यार व्होंतलो काय पाटे सुटटात, आनी परततना तो नाचत येता. व्होंतपाचें म्हजें काम. तें धक्क्यार पडलें, बार्जीर गेलें, तें फुडल्याचें."

मग म्हणाले, "म्हाका दिसतालें, देव म्हज्यार ओजें घालता. तो व्होंत म्हणटालो रे."

त्या रात्रीचं मला दुसरं काही आठवत नाही. पायच्या घोरण्याचा आवाज तेवढा आठवतो. दोन वर्षांत ते इतके गाढ झोपले नव्हते, असं माय सकाळी म्हणाली.

मी पणजीला, कॉलेजसाठी घेतलेल्या खोलीवर परत आलो, पण पुस्तकात मन लागेना. माझा ट्रक अजून भरलेलाच होता. शेवटी एक दिवस मी तियूंना पत्र लिहिलं. त्यांना रोमी, म्हणजे इंग्रजी, अक्षरांतली कोंकणी वाचता येई, मला लिहिता येत नसे. प्रार्थनेचं पुस्तक समोर ठेवून एकेक अक्षर जुळवत अर्धं पान लिहायला दोन संध्याकाळी गेल्या. सभेत मी काय बोललो होतो ते लिहिलं. त्यांना दुखवलं म्हणून माफी मागितली. कुंपणावरची फुलं जांभळी आहेत, हेही का कोण जाणे लिहिलं. पत्र पेटीत टाकलं आणि परत येताना मी चक्क पळालो. कॉलेजचा विद्यार्थी, भर रस्त्यात. पाटे सुटले होते.

उत्तर आलं नाही. पुढच्या महिन्यात मी पुन्हा लिहिलं, मग पुन्हा. नंतर नंतर त्यात माफीही नसे. खोलीवरच्या आमटीत किती पाणी असतं, परीक्षा कधी, असलंच काहीतरी. एका रविवारी लक्षात आलं की मी उत्तराची वाट बघत नाही, पत्राच्या दिवसाची वाट बघतो. जे केलंच पाहिजे ते करायला मन आधीच निघून बसलं आहे, असा अनुभव मला त्यापूर्वी कधी नव्हता. हे मोठ्या माणसांना ठाऊक असेल. मला नव्हतं.

घरून काही यायचं तर ते साखळीच्या बसनं, कंडक्टरच्या हाती येतं. पुढच्या वर्षीची सायबीण वाडीत यायला आठवडा होता. मी बसस्टँडवर उभा होतो.

"ए कॉलेजवाल्या! तुजी पोतली!" कंडक्टर ओरडला. "आनी आवयक सांग, फुडल्या खेपे नुस्तें बरें बांद. आख्खी बस बांगड्यांचो वास घेत आयली!"

पिशवीत तळलेल्या बांगड्यांचा डबा होता, आणि वर धाकट्या बहिणीच्या वहीचं घडी केलेलं पान. मी ते तिथेच, बसच्या धुरात उभा राहून वाचलं.

तिनं लिहिलं होतं: "आज सकाळी तियूंनी कोयता घेऊन कुंपण तोडलं. सगळं नाही. सायबीण हातात घेऊन एक माणूस जाईल एवढंच. पाय दारात उभे राहून बघत होते, तेव्हा तियू त्यांना म्हणाले, नुसतो पळयता कितें, कांटे वड. मग दोघांनी मिळून काटे ओढले. पायच्या बोटात काटा गेला, तो तियूंनी काढला. तुझी पत्रं तियूंच्या आल्तारावर देवापुढे मेणबत्तीखाली ठेवलेली आहेत, काकीनं दाखवली. तियू विचारतात, तुझ्या आमटीत अजून पाणीच असतं का."