इथे कुणी आहे का?

हिंजवडीच्या कंपनी बसमध्ये माझ्या शेजारची जागा रोज रिकामी असायची. तरी बिबवेवाडीला चढणाऱ्या त्या बाई सीटच्या पाठीवर हात ठेवून रोज विचारायच्या, "इथे कुणी आहे का?" एकदा मी वैतागलो. "अहो, दिसत नाही का?" त्या बसल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "दिसण्यावर विसंबणं सोडलंय मी."

सलाइनमधून औषध सोडणाऱ्या पंपाचं सॉफ्टवेअर त्या लिहायच्या. मोठा आकडा मेमरीतल्या लहान जागेत कास्ट करून, म्हणजे जबरदस्तीने, कोंबला की त्याचा वरचा भाग मुकाट्याने गळून पडतो. चाचणीत त्यांचा पंप असाच चुकीचा डोस सोडत राहिला होता, आणि स्क्रीनवर सगळं ठीक दिसत होतं. "नशीब, नळीच्या टोकाला बादली होती," त्या म्हणाल्या. "आता आधी तपासते. आकडा मावत नसेल तर पंप थांबतो आणि ओरडतो."

पुढे त्यांनी नोकरी बदलली. यंदा आईला आयसीयूत ठेवलं होतं, तेव्हा तिच्या उशाशी असलेला पंप अचानक थांबला आणि ओरडू लागला. नर्सने धावत येऊन चुकून भलताच भरला गेलेला डोस दुरुस्त केला. मी मात्र त्या आवाजाला मनातल्या मनात उत्तर देत होतो, "आहे हो. इथे माझी आई आहे."