सुशीलाचं इटालियन पुस्तक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आणि मन हलकं करायला सांगतेय असं समजू नका — माझं मन कधी जड नव्हतंच. तेच तर सांगायचंय.

आमच्या पियानोच्या बाई, मिस परेरा, जामबागेत राहायच्या. त्यांच्याकडे सव्वाशे वर्षांपूर्वी इटलीत छापलेलं शिकवणीचं पुस्तक होतं. चार बोटं पट्ट्यांवर दाबून ठेवायची आणि पाचवं एकटंच उचलायचं — मनगट हलता कामा नये. मग त्याच बोटांनी तिकडच्या गायकांसारखी लांब, श्वास न तुटणारी सुरावट काढायची. दोन वर्षं मी घासत होते. बोटं तयार झाली. पण सुरावट? ती निघायची सुशीलाच्या हातून. काचीगुड्यात आमच्या शेजारच्याच घरातली ती, माझ्याच वयाची. तिला फार घासावंही लागत नसे. मला काय वाटत असेल — सांगायला हवं का?

भाषावार प्रांतरचनेत निजामाचं जुनं राज्य तुटलं आणि सुशीलाच्या वडिलांची मुंबईला बदली झाली. ते लोक निघायच्या आठवड्यात बाई तापानं पडून होत्या. मी भेटायला गेले तर त्यांनी ते पुस्तक माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, "ये सुशीला को देना. बोलना, छोड़ना नक्को. उसके हाथ में है."

मी दिलं नाही. एवढंच असतं तर चोरी म्हणून विसरलेही असते. पण स्टेशनवर सुशीलानं विचारलं, बाई माझ्याबद्दल काही बोलल्या का? आणि मी — अगदी शांतपणे — म्हणाले, "बोलल्या. तुझ्या हातात पियानो नाही म्हणाल्या. उगाच वेळ घालवू नकोस."

ती रडली नाही. मान हलवली आणि डब्यात चढली. बाई बऱ्या झाल्यावर त्यांनी विचारलं, तर पुस्तक पोचलं म्हणून सांगितलं.

मी लहान होते असं म्हणणार नाही. सतरा वर्षांची होते, सगळं कळत होतं. त्याच पुस्तकावर पुढे तीस वर्षं मी शिकवण्या केल्या. चांगल्या केल्या — ते का नाकारू?

मधे एकदा मलकपेठेत एका लग्नात सुशीला भेटली. मुंबईला गेल्यापासून पियानोला हात लावला नव्हता म्हणे. मुलीला शिकायचं होतं, तर तिलाही लावू दिला नाही. आपल्या रक्तातच ते नाही म्हणाली. "बाई खरं बोलल्या, बरं झालं."

मुलगी शेजारीच बसली होती. सांगता आलं असतं. आईसारखीच लांब बोटं होती तिची — मी पाहिली, नीट पाहिली.

"हो," मी म्हणाले, "बाई कधी खोटं बोलत नसत."

घाबरून नाही. मला तेच म्हणायचं होतं.