पाहुण्याईपुढचं इंग्रजी

आमच्या भागात इंग्रजी कोणी बोलत नाही. म्हणजे येते पुष्कळांले, पण बोलते असं कोणाच्या तोंडून निघत नाही. लोक म्हणतात, तो इंग्रजी फाडते. नाहीतर झाडते, मारते, फेकते, पाजळते. मराठी आपण बोलतो, हिंदीही बोलतो, अन् इंग्रजीचं नाव निघालं की जसं काई मांजरपाटाचं कापड हाय, धरा दोन टोकं अन् फाडा. ज्याले जमते त्याच्या तोंडात मक्याच्या लाह्या फुटून राहतात. ज्याले जमत नाही त्याचं इंग्रजी मोडकं, जसा खाटेचा पाय. नाहीतर कच्चं, जसं पाडाले न आलेलं सीताफळ. अन् कोणी पुण्याले चार महिने राहून आला अन् बसस्टँडवर तोंड वाकडं करून दोन शब्द बोलला, तर मागून म्हणतात, पाहा, शिंगं फुटली.

हे सारे शब्द मी आयुष्यभर वापरले. कधी थांबून पाह्यलं नाही, की फाडण्या-झाडण्याच्या या गर्दीत ऐकण्याचा एकही शब्द काहून नाही. ते मले मागच्या दिवाळीच्या आधी समजलं, अन् समजलं ते असं, की अजून आठवलं तर पदर तोंडावर घ्यावा वाटते.

मी शाळेत गेली नाही. सामानाच्या पुड्या ज्या पेपरात बांधून येत, ते कागद चुलीत घालायच्या आधी वाचत वाचत अक्षरं लागली. पण ते मराठी. इंग्रजीचं म्हणाल तर मले प्यायचं औषध कोणतं अन् फवाऱ्याचं कोणतं हे बाटलीच्या रंगावरून ओळखा लागते. त्याच्यामुळं माह्या नातीचं मले लय कौतुक. ती वाशिमच्या कॉलेजात बीएस्सी झाली. रोज बसनं जाणं, बसनं येणं. आता संध्याकाळी आमच्या ओट्यावर गावातले लेकरं जमवून त्याईले इंग्रजी शिकवते. मी बाजूले सुपात तूर निवडत बसतो. तिचं बोलणं चालू झालं की माहे हात थांबतात. समजत काईच नाही, पण गाणं समजा लागते काय? ऐकलं की गोड वाटते. तसंच.

मंग मी सांगत सुटली. दवाखान्यात सांगतलं, बसमध्ये बाजूच्या बाईले सांगतलं, लग्नात पंगतीत वाढणाऱ्याले सांगतलं, की माही नात फाडफाड इंग्रजी फाडते. मालेगावच्या एका लग्नात हेच सांगून राह्यली होती, तर समोरच्या बाईनं खुर्ची जवळ ओढली. ती अकोल्याची. तिचा भाचा पुण्याले कंपनीत. म्हणे, आमच्या मुलाच्या ऑफिसात सगळा कारभार इंग्रजीत चालतो, अशीच मुलगी आम्ही शोधतो आहोत. तिथंच नंबर घेतला. म्हणजे हे स्थळ मीच जोडलं.

नातीले मी घरी येऊन सांगतलं तं ती चिडली नाही. लग्न करायचंच नाही, असं तिचं काई नव्हतं. पोराचा फोटो पाह्यला, एक डाव फोनवरही बोलली त्याच्याशी, अन् आवाज चांगला हाय म्हणे. तिची एकच अट होती. पगार नाही, फ्लॅट नाही. म्हणे, "आजी, ज्याच्याशी बोलता येईन असा पाह्यजे. बाकी तुमी पाहा." मी म्हटलं, तो तुह्याशी दोन्ही भाषेत बोलन, अजून काय पाह्यजे तुले? ती हसली.

सोयाबीन निघालं, खळं उरकलं, अन् एका रविवारी पाहुणे आले. पोरगा, त्याचे मायबाप अन् लग्नात भेटलेली ती त्याची आत्या. आमच्या सूनबाईनं सकाळपासून साऱ्या घराले तंबी देली होती, की मले-तुले करू नका, मला-तुला म्हणा. मले तर तिनं हळूच सांगतलं की सासूबाई, तुमी जास्त बोलू नका, हसत राहा फक्त. तिचं काई चुकलं नाही. माहं शुद्ध बोलणं म्हणजे पहिलं वाक्य मला अन् दुसरं मले. मी म्हटलं, बरं, हसतो.

आमच्या वेळेले पोरगी पाहाले आले की चालून दाखवा लागे. पाय लंगडत तर नाही. सुईत दोरा ओवून दाखवा लागे. नजर बरोबर हाय की नाही. माहे तर सासऱ्यानं केस सोडाले लावले होते, खरे हाय की गंगावन ते पाहाले. आता असं कोणी विचारत नाही. विचारलं तर पोरीच उठून जातीन. म्हणून मले वाटे, बरे दिवस आले.

पोहे झाले, चिवडा झाला, चहा आला. शिक्षण विचारलं, ट्यूशनचं विचारलं. मंग ती आत्या माह्याकडं पाहून म्हणे, "आजी लग्नात सांगत होत्या, मुलगी इंग्रजी छान बोलते म्हणून. बोलून दाखव ना थोडं."

नात म्हणे, "काय बोलू?"

"काहीही बोल ना. दोन-चार वाक्यं."

नातीनं माह्याकडं पाह्यलं. आता समजते मले ते पाहणं कशाचं होतं. तिले वाटलं, आजी तरी म्हणन, राहू द्या हो, पोरगी हाय, रेडिओ नाही. पण मले वाटलं ती परवानगी मागून राह्यली. सुनेनं तोंड बंद ठेवाले सांगतलं होतं तेही इसरली. म्हटलं, "फाड वं बाई, लाजू नको."

तिनं हातातला ट्रे खाली ठेवला. बोलली ती आत्याकडं पाहून नाही, पोराकडं पाहून. अन् फाडफाड नाही बोलली. विहिरीत पोहरा सोडताना दोर कसा हातातून हळूहळू जाऊ देतो आपण, तशी बोलली. मधात एकदा तिनं माह्याकडं हात केला. आवाज बारीक झाला. मले वाटलं, माहं नाव काढलं, आजीनं वाढवलं-शिकवलं असं काई सांगून राह्यली. माहे डोळे भरून आले. मी लय हसली, अन् हसत हसत पाहुण्याईले हातही जोडले. आत्या मान हालवून राह्यली होती. पोराचा बाप दोन डाव वा वा म्हणे. पोराची माय माह्याकडं पाहून हसली, मी तिच्याकडं पाहून हसली. फक्त पोरगा खाली मान घालून चमच्यानं बशीत उरलेले पोहे इकडचे तिकडं करे. मी म्हटलं, लाजरा हाय. चांगलं हाय.

ती थांबली तं आत्या म्हणे, एकदम फ्लुएंट. माही छाती अशी फुगली की काय सांगू.

गाडी गेली अन् नात चुलीघरात कपबश्या विसळत बसली. मी मागून गेली. म्हटलं, मस्त बोलली वं तू, काय बोलली ते सांग तरी. तिनं एक कप विसळला, दुसरा विसळला. मी म्हटलं, माह्याबद्दल काय म्हणत होती तेवढं सांग. मंग तिनं नळ बंद केला.

"मी म्हटलं, ही माही आजी हाय. मी काय बोलून राह्यली त्यातलं हिले एक अक्षर समजत नाही. मी हिले आत्ता शिव्या देल्या तरी ही अशीच हसन. तुमी बाजारात बैल घेताना दात पाहता, इथं माही जीभ पाहाले आले. मले लाज वाटून राह्यली. तुमाले समजत असन तं मले इथंच थांबवा, अन् मराठीत एखादी साधी गोष्ट विचारा."

मी तिथंच पाटावर बसली. ती हात करून बोलली तेव्हाच मी हात जोडले होते. बरोबर तेव्हाच. सुनेनं हसाले सांगतलं म्हणून हसली असती तं एक गोष्ट होती. मी मनापासून हसली होती. कानाच्या पाळ्या अशा तापल्या, जसं तव्याजवळ बसली.

मंग मी विचारलं, "शिव्या देल्या काय मले?"

"नाही वं आजी." ती माह्याजवळ येऊन बसली, हात ओलेच. म्हणे, तू हसाले लागली तेव्हा थांबावं वाटलं, पण तोंड चालू झालं होतं.

"अन् त्या पोट्ट्याले समजलं?"

"सारं समजलं. कान लाल झाले त्याचे."

"मंग?"

"मंग काय. पोहे खाल्ले त्यानं."

इतकंच बोलली अन् उठून कपबश्या पुसाले लागली. मी तिच्याकडं पाहू शकली नाही. खोलीत चार माणसं मान हालवून राह्यली होती अन् आमाले काई समजत नव्हतं. एकाले समजत होतं, अन् तोच गप बसला. त्यानं एक शब्द बोलायचा होता. दुसरं काई नसतं सुचलं तं नुसतं थांबा म्हणायचं होतं.

दिवेलागणीले अकोल्याहून फोन आला की मुलगी पसंत हाय. घरात आनंदीआनंद. सूनबाईनं तिच्या मायेले फोन लावला, लेक म्हणे पेढे आणतो. तेवढ्यात नात बाहेर आली अन् म्हणे, बाबा, मले नाही करायचं इथं. लेकानं विचारलं, काहून? ती म्हणे, आजीले विचारा. अन् सारे माह्याकडं पाहाले लागले.

मले सांगा लागलं. शब्दन् शब्द सांगा लागला, मी हसली तेही, हात जोडले तेही, आपल्याच लेकापुढं. लेक आधी नातीवर भडकला, की पाहुण्याईपुढं असं बोलतात काय, त्याईनं काय समजावं. सूनबाई म्हणे, पण त्याईनं तं पसंत केली. लेक जराशानं खाली बसला अन् मले म्हणे, तूच जोडलं ना, मंग तूच सांग त्याईले.

मी फोन लावला. शुद्ध बोलीन असं ठरवलं होतं, पण पहिल्याच वाक्याले मले-तुले झालं. सांगतलं, बाई, आमचा विचार बदलला, पोरीचं मन नाही. आत्याले राग आला नाही, नवल वाटलं. म्हणे, का हो आजी, इतकी हुशार मुलगी, इंग्रजी तर काय मस्त बोलली.

मी म्हटलं, "ती काय बोलली ते तुमी पोराले विचारा."

ती हसली. खोटं नाही हसली, आपल्या घरातल्या बाईशी हसावं तशी हसली. म्हणे, "अहो आजी, इंग्रजीत काय बोलली ते कोण ऐकते? कशी बोलली ते पाहाचं."

मले तिचा राग याले पाह्यजे होता. आला नाही. सकाळी मले कोणी विचारलं असतं तं मीही हेच उत्तर देलं असतं. दवाखान्यात, बसमध्ये, पंगतीत मी दुसरं काय सांगत फिरली होती? फोन कानाले तसाच होता, ती हालो हालो करून राह्यली होती. शेवटी मी म्हटलं, ठेवतो बाई, अन् ठेवला.

नात दारात उभी होती. म्हणे, "काय म्हणे आत्या?"

मी म्हटलं, काई नाही, ठीक हाय म्हणे. अन् खाली पाहून पदराचं टोक बोटाले गुंडाळत बसली, लहान पोरीवानी.