मामा वर्गातून पळाला

लातूरला आमचं कॉलेज म्हणजे टायरच्या दुकानावरचे दोन मजले. अकरावी-बारावी, फक्त सायन्स. भोकर, उमरी, निलंगा, कुठून कुठून आलेली पोरं तिथं कोंबलेली असायची, आणि जिन्यात आदल्या वर्षी मेडिकलला लागलेल्यांचे फोटो. मैदान नव्हतं. खेळणारी पोरं तिथं कुणाला नकोच होती म्हणा.

फिजिक्स शिकवायला माझा सख्खा मामा होता. म्हणूनच आईनं मला तिथं घातलं आणि मामाच्याच घरी ठेवलं. घरी मामा, वर्गात सर. मामा कायम दाराशी उभा राहून शिकवायचा. त्याची खुर्चीही दाराला लागून. उशिरा येणाऱ्यांना पकडायला सर तिथं उभे राहतात, असं पोरांना वाटायचं. खरं कारण मला माहीत होतं. आई आणि मामा किल्लारीचे. भूकंप झाला तेव्हा मामा दुसरीत होता. त्याला दुपारी मातीखालून काढलं. शेजारी झोपलेला धाकटा भाऊ गेला होता. आमच्या घरात हे कुणी सांगत बसत नाही.

मामाचा एक नियम कडक होता. टेस्ट चालू असताना घंटा होईपर्यंत कुणी जागचं उठायचं नाही.

त्या दिवशी टेस्टच चालू होती. आधी खालून ट्रक गेल्यासारखं वाटलं. मग पंखा झुलायला लागला आणि शेजारच्या लॅबमधल्या बाटल्या किणकिणल्या. मी मान वर करेपर्यंत मामा दाराबाहेर गेलासुद्धा होता. पहिल्या बेंचवर मी बसले होते. माझ्यासमोरून गेला. आम्ही सगळे मात्र बसून राहिलो, कारण घंटा झाली नव्हती! धक्का थांबल्यावर खिडकीतून पाहिलं, तर मामा रस्त्यावर उभा, एकाच पायात चप्पल, वर बघून ओरडतोय, "खाली या रे! उतरा, उतरा!" टायरच्या दुकानातले चाचा त्याला धरून स्टुलावर बसवत होते.

इमारतीला साधी चीर गेली नाही. त्यामुळं मामाचंच जास्त हसं झालं.

पालक आले. पोरं टाकून पळणारा मास्तर काय कामाचा, म्हणाले. ते खोटं होतं असं मी म्हणणार नाही. मलाही राग आला होता. भाचीचा हात धरावा एवढंही त्याला सुचू नये? आईला फोनवर रडत रडत सगळं सांगितलं. वाटलं, ती भावाला चार शब्द सुनावेल. ती माझ्यावरच खेकसली, "तो पळाला, मग तू काय बघत बसलीस? मामाच्या मागं पळायचं कळत न्हाई का तुला? एवढे मार्क घेऊन काय चाटायचेत?"

संस्थाचालकांनी मामाला ठेवलं, पण बजावून. पुन्हा असं झालं तर दुसऱ्या दिवशी यायचं नाही. मामानं मान खाली घालून ऐकून घेतलं. त्याला वर्ग हवा होता. शिकवण्याशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं, आणि शिकवायचा फार सुरेख.

पोरांना मात्र खेळ सापडला. मागच्या रांगेतले चार-पाच जण गुडघ्यांनी बेंच हलवायचे. लोखंडी पाय फरशीवर थरथरले की मामाचा लिहिता हात थांबायचा, तोंड पांढरं पडायचं. तो पंख्याकडे बघायचा. पंखा झुलत नाही असं दिसलं की परत लिहायला लागायचा, पण अक्षर वाकडं यायचं. मुली तोंडाला ओढणी लावून हसायच्या. सगळी हुशार, आईबापांची लाडकी, उद्या लोकांच्या नाड्या बघणारी पोरं! एकदा मी उठून "मुडद्यांनो!" म्हणून ओरडले. तर मामा मलाच म्हणाला, "बस खाली. चालू दे त्यांचं. सवय लागंल मला."

आणि खरंच लागली. आधी पंख्याकडे बघणं सुटलं. मग हात थांबणं सुटलं. दिवाळीनंतर त्यानं दाराजवळची खुर्ची उचलून फळ्याकडे नेली. बेंच हलले की पाठ न फिरवता म्हणायचा, "झालं का? पुढं." पोरांचीही मजा गेली. एका रात्री मामा जेवताना हसला, कितीतरी दिवसांनी. मला वाटलं, सुटला बिचारा.

थंडी सरता सरता, सकाळच्या तासाला पुन्हा धक्का आला. पहिल्यापेक्षा मोठा. लॅबमध्ये काचा फुटल्याचा आवाज आला. या वेळी पोरं शहाणी झाली होती. दप्तरं टाकून जिन्याकडे पळाली. मामा फळ्यावर गणित सोडवत होता.

"झालं का? पुढं," म्हणाला आणि लिहीत राहिला.

मी "सर, सर" करून ओरडले. तो वळला नाही. माझ्यावर चिडून "बस गं खाली" म्हणाला. शेवटी मी त्याचा शर्ट धरला. वर्गात कधी मामा म्हटलं नव्हतं, ते म्हटलं. "मामा, खरं हाय!" ओढतच त्याला जिन्यावरून खाली आणलं.

रस्त्यावर सगळे उभे होते. कुणाला काही झालं नव्हतं. मामानं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "खरंच हाललं का गं?"

"हो."

"मला कळलंच न्हाई." मग म्हणाला, "रिकाम्या वर्गाला शिकवत होतो का मी?"

मला रडू फुटलं. त्याला नाही.

संध्याकाळी संस्थाचालक पेढे घेऊन घरी आले. पालक लई खूश आहेत, म्हणाले, सर आज जागचे हलले नाहीत. मामानं त्यांना चहा पाजला आणि उद्यापासून मी येत नाही म्हणून सांगितलं.