अस्वलाचं सोंग

शिमग्यात आमच्या वाडीत सोंगं निघायची तेव्हा आमचं सगळं घर त्यात असायचं. आजा ढोल वाजवायचा, बाबा शिकारी व्हायचे आणि धाकटा काका अस्वल. वाडीला लागूनच असलेल्या अणशीच्या रानात अस्वलं पुष्कळ. त्यामुळे ते सोंग बघताना हसूही यायचं आणि भीतीही वाटायची. सोंगं मुकी असत. एकदा मुखवटा चढला की सोंगं जिथून निघत त्या मांडावर परत येईपर्यंत बोलायचं नाही, असा देवाचा नेम होता.

मी आठेक वर्षांची असेन. भर दुपारी अस्वल आमच्या अंगणात आलं. काजळी फासलेलं गोणपाट, आत गच्च भरलेला भाताचा पेंढा, वर लाकडी मुखवटा. थोडा वेळ ते नेहमीसारखं डुललं. मग एकदम उसळलं, जमिनीवर लोळलं, छाती बडवू लागलं. माणसं हसून बेजार झाली.

उठून ते थेट माझ्याकडे आलं आणि माझं मनगट धरलं. मी किंचाळले, त्याच्या हाताचा कडकडून चावा घेतला. तरी पकड सुटेना. तेव्हा मी मुखवट्याच्या भोकांत पाहिलं. आतल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"आई, काकाला काय तरी व्हतंय," मी म्हणाले.

"सोंग हाय गं ते," आई हसत म्हणाली.

अस्वल कोसळलं. ढोल चालूच होता. मी हात सोडवून धावले नि आजाच्या ढोलावर दोन्ही तळवे दाबून धरले. आजानं काठी उगारली. पण ढोल थांबला होता आणि मुखवट्यातलं कण्हणं आता सगळ्यांना ऐकू आलं.

बाबांनी कोयत्यानं गोणपाट उभं फाडलं. पेंढ्यातून तांबडा विंचू बाहेर पडला. काकाच्या छातीवर तीन ठिकाणी डसला होता.

दवाखाना बैलगाडीनं दीड दिवसावर. वैदूनं पाला बांधला. दोन दिवस काकाचा घाम थांबेना, हातपाय गार. मी उंबऱ्याशी बसून त्याची छाती हलतेय का तेवढंच बघत होते. तिसऱ्या दिवशी त्यानं पेज मागितली.

"वरडला का न्हाईस रे?" आजानं विचारलं.

"मुखवटा हुता न्हवं," काका म्हणाला.

पेज पाजताना आईला त्याच्या हातावरचे वण दिसले. "हे बी विंचवानंच केलं व्हय?"

मी दाराआड सरकले. काकानं माझ्याकडं बघितलं.

"व्हय," तो म्हणाला.